रत्नागिरीला नेलेला कूलर

साडभाऊ केशवराव यांना महादेवचा समुद्राकाठून रामराम.

एक कूलर अमरावतीहून रत्नागिरीला न्यायला खरं काय पडतं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे उद्या अकोल्यात कुणी विचारलं तर तुमच्याजवळ तयार उत्तर असावं. टीन माझं, मोटर माझी, ताट्यांत भरलेला वाळा माझा, तेव्हा पैशाचं सोडा. बाकी पडलं ते असं. माझी कंबर. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरशी असलेली जुनी ओळख (ती आता राहिली नाही, कारण डिकीत कूलर गेल्यावर बाकीच्यांच्या बॅगा गेल्या नाहीत). पुण्यात रस्त्याच्या कडेला कूलरवर बसून काढलेली एक अख्खी दुपार, आणि त्या दुपारी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं ‘विकायचा आहे का’ विचारल्यामुळे आलेला राग. शेवटी मला एक आंब्याची गाडी सापडली. पुण्यात पेट्या उतरवून ती रिकामीच रत्नागिरीला परत चालली होती, आणि रिकाम्या गाडीच्या मालकाशी कसं बोलायचं हे मला भाजीची हातगाडी ढकलायचो तेव्हापासून येतं. घाटात मात्र त्यानं दोनदा गाडी थांबवून विचारलं, की काका, ह्यात नक्की हवाच आहे ना?

असो. तुमची शुगर कशी आहे? दीपमालाताईंचा खांदा आता वर जातो का? आपल्या दोघांच्या सासूबाई, पार्बताबाई, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात का? तुम्ही रोज संध्याकाळी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात त्यांच्याकडे चक्कर मारता, हे मला ठाऊक आहे, आणि थोरले जावई म्हणून तुमचा शब्द त्या खाली पडू देत नाहीत, हेही ठाऊक आहे. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागेल.) फोनच केला असता, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता, आणि तुमच्या फोनमधून माझा आवाज शेजारच्या किराणा दुकानापर्यंत जातो. काही गोष्टी कागदावरच बऱ्या.

तर बातमी अशी, की मी पियुषकडे आलो आहे. आमच्या चिरंजीवांनी आणि सूनबाई अपेक्षानं पुण्यातलं बिऱ्हाड मोडून रत्नागिरीला मांडलं, हे तुम्हाला माहीत आहेच. नोकरी तीच, कंपनी तीच, फक्त कॉम्प्युटर इकडं उचलून आणला. तेव्हा मी तुम्हाला म्हटलं होतं, की पोरगं शहाणं असतं तर अमरावतीला आलं असतं; घर आहे, खाली कूलरचा कारखाना आहे, गिऱ्हाईक अचलपूरहून एसटीनं चालत येतं. (एसटीनं चालत येत नाही, पण तुम्हाला कळलं.) त्यावर तुम्ही म्हणालात, की पोरांना समुद्र पाहिजे. मला तेव्हापासून एकच प्रश्न पडला आहे. पाहिजे म्हणजे काय करायला पाहिजे? आपल्याकडं माणूस विहीर घेतो ती ओलितासाठी. ह्या एवढ्या पाण्यातून एक वाफा भिजत नाही. मग माणसं मोठमोठी शहरं सोडून त्याच्या काठी येऊन बसतात, ती कशासाठी? मी ठरवलं, जाऊन विचारायचं. जाताना हात हलवत कसं जायचं, म्हणून कूलर. पियुष फोनवर म्हणाला होता, बाबा, नका आणू, गरज नाही. पण आपल्याकडं पाव्हणा तीनदा ‘नको’ म्हटल्याशिवाय जेवायला बसतो का? तो तीनदा नको म्हणाला. मी मोटर मोठी घातली.

पियुषच्या बिल्डिंगमध्ये रत्नागिरीचा जन्म असलेला माणूस शोधावा लागतो. वरच्या मजल्यावर अंधेरीचा विपुल आणि त्याची बायको, त्याच्या समोर ठाण्याचं जोडपं, खाली बंगळूरहून आलेल्या दोन बहिणी, आणि मध्ये आमचे पुणेकर वऱ्हाडी. मी रोज एका घरी चहाला गेलो आणि रोज तोच प्रश्न विचारला. आपण इकडं कसे? केशवराव, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं. हवा! इथली हवा फार छान आहे. मला मोठी गंमत वाटली, कारण गेली तीस वर्षं मी हवाच विकतो, आणि हवेचं एवढं कौतुक गिऱ्हाइकाच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पण मी जरा कान देऊन बसलो तेव्हा असं दिसलं, की हवा छान म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या घरात खिडक्या गच्च बंद, आणि एसी चालू. का? तर बाहेरच्या हवेनं कॉम्प्युटरला घाम येतो. म्हणजे छान हवा बाहेर आणि माणूस आत. मधल्या काचेवर खाऱ्या पाण्याचे डाग. ते पुसायला एक बाई येते, ती म्हणाली, माझ्या घरी काच नाही, म्हणून पुसायला लागत नाही.

ह्या विपुलचं तुम्हाला सांगायलाच पाहिजे. पोरगा मोठा गोड. त्याच्या टेबलासमोरच्या खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे स्टुलावर चढलं तर. मुंबईत त्याचा जायचा-यायचा वेळ फार जायचा, तो वाचला म्हणाला. मी विचारलं, वाचलेल्या वेळाचं काय करता? त्यानं स्टूल टेबलाखाली सरकवलं. मग म्हणाला, मीटिंग. (पोरगा खोटं बोलत नाही, म्हणून मला आवडतो.) आणि मीटिंगला बसला की पाठीमागं पुस्तकांच्या कपाटाचं एक खोटं चित्र लावतो. आम्ही मुंबईत असताना लोक खोटा समुद्र लावायचे, काका, म्हणाला, आता खरा आहे तर झाकावा लागतो, साहेबाला वाटतं मी सुट्टीवर आहे. मी त्याला म्हटलं, बापू, मंग तू हिथं आला हे साहेबाले माहीत हाय का? तर म्हणे, अर्धवट माहीत आहे.

बिल्डिंगच्या खाली शिवलकर म्हणून एकांचं किराणा दुकान आहे. ते इथलेच. माझ्यासारखाच दुकानाच्या फळीवर घडलेला माणूस, म्हणून आमची पहिल्याच दिवशी गट्टी जमली. त्यांचं मत वेगळं. ‘ह्यांना समुद्र हवा, पण मासळीचा वास नको. पाऊस हवा, पण ओल नको. फणस हवा, पण तो गरे काढून डब्यात घालून हवा. आमचं गाव ह्यांना आवडतं हो, फक्त आम्ही त्यात मधेमधे येतो.’ मी विचारलं, तुमचा मुलगा काय करतो? म्हणाले, विरारला भाड्यानं राहतो. ‘तुमचा इकडे आला, माझा तिकडे गेला. जागा बदलली म्हणायची, दुसरं काय? तुमच्याला हवा लागली, माझ्याला पगार.’ मग आम्ही दोघंही आपापल्या मुलांबद्दल जे बोललो, ते लिहीत नाही.

आता कूलरकडं येतो. तुम्ही वाट पाहत असाल.

रविवारी सकाळी मी तो हॉलच्या खिडकीत बसवला. बिल्डिंग गोळा झाली. बंगळूरच्या बहिणींनी फोटो काढले, कारण त्यांनी कूलर पाहिलाच नव्हता. मी टाकी भरली, वाळा भिजवला, आणि अमरावतीच्या पंचेचाळीस डिग्रीत आमचा कूलर लावला तर माणूस दुपारी चादर मागतो, असं सांगून बटण दाबलं. वाऱ्याचा असा झोत आला की अपेक्षाच्या कॅलेंडरची पानं दिवाळीपर्यंत गेली. सगळे ‘वा’ म्हणाले. थोडा वेळ गेला. मग आशानं, म्हणजे आमच्या हिनं, फरशीवर पाय सरकवून पाहिला. फरशी ओली. मिठाच्या बरणीत मिठाचं पाणी. तळलेले पापड ताटात कापडासारखे पडलेले. ठाण्याच्या जोडप्यातल्या नवऱ्यानं रुमाल काढून चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. पियुषच्या कॉम्प्युटरनं कसलीशी शिट्टी दिली. मी पंखा आणखी जोरात केला. केशवराव, शहरातली माणसं फार सभ्य. एकजण ‘छान गारवा आहे’ म्हणत दाराकडं सरकत होता. पण जिन्यातून उतरताना विपुलनं हळूच बायकोला काय सांगितलं ते मला ऐकू आलं. तो म्हणाला, आपल्याला कुणीतरी इडलीसारखं उकडलं.

माझ्या कानांचं तुम्हाला सांगायला नको. चार घरं पलीकडं कूलर चालू असला तर त्याचं बेअरिंग गेलं, की पंप कोरडा चालला, हे मी बसल्या जागी सांगतो. भिंतीपलीकडं कोण कुणाशी काय कुजबुजतं, तेही माझ्या कानातून सुटत नाही. ह्याच कानांवर मी धंदा उभा केला, उधारीच्या गिऱ्हाइकाचा श्वास ऐकून त्याचा खिसा ओळखला. तेव्हा इडलीचं ऐकलं, आणि कूलर बंद केला. आणि मग खाली बसून डोक्यावर हात मारला. अहो, मृग लागला, पहिल्या दोन सरी पडल्या, की आपल्याकडं काय होतं? कूलर चिपचिप करतो. गिऱ्हाइकाचा फोन येतो, भाऊ, तुमचा कूलर बिघडला. आणि मी गेली तीस वर्षं एकेकाला सांगतो, बिघडला नाही बाप्पा, हवेतच पानी हाय, टाकी बंद कर अन् नुसता पंखा चालव. जे साऱ्या जिल्ह्याला सांगितलं, ते रत्नागिरीला निघताना माझ्या डोक्यात आलं नाही. इथं मे महिन्यातच मृग आहे. पण कूलरवाला जिथं जाईल तिथं त्याला ऊन एकाच जातीचं दिसतं.

आशा तेवढी हसली नाही. ती होळीला पंधरा दिवसांसाठी म्हणून इकडं आली होती, आणि अजून इथंच आहे, हे तुमच्या कानावर आलं असेल. दीपमालाताईंना तिनं काय कारण सांगितलं ते मला कळलेलं नाही. मला आधी गुडघा सांगितला, मग अपेक्षाचं ऑफिस सांगितलं, मग आंब्याचा मोसम. मी अमरावतीला खानावळीचा डबा खात होतो, आणि डब्यातलं वरण पाहून तारीख ओळखत होतो (ते आठवडाभर तेच असायचं). तसं माझं काही अडलेलं नव्हतं. कारखाना आमचा सुगत सांभाळतो. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडं टीन कापायला शिकला, आता मला शिकवतो. मी सहज, कुतूहल म्हणून, एका संध्याकाळी आशाबरोबर भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत फिरायला गेलो. रोज जाते म्हणे. चपला हातात घेऊन चालते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी हिच्या हातात चपला पाहिल्या नव्हत्या.

मी म्हटलं, ‘मंग कवा निघाचं?’

‘कोनाले?’

‘तुले.’

‘मले कुठी जाचं हाय?’

‘घरी.’

‘मंग हे कोनाचं हाय?’ असं म्हणून ती पुढं चालू लागली. मी मागं. वाळूत आपल्याला चालता येत नाही, केशवराव, काळ्या मातीत पाय रुततो तो वेगळा. मी धापा टाकत म्हटलं, ‘अवं, पन हिथं हाय काय? पानीच पानी. दिवसभर त्याचा आवाज.’

तेव्हा ती थांबली. मला वाटलं भांडण काढेल. भांडण काढलं असतं तर सोपं होतं, मी त्यात तयार आहे. ती हळू आवाजात म्हणाली, ‘तुमच्या टिनाचा ठोका सकाळी आठले सुरू होते तो दिवा लावल्यावर बंद होते. आपल्या घरी मले कवा फोडनी आयकू आली नाही. मोहरी तडतडली का नाही, हे मी तीस वर्स डोयानं पाहून राह्यले. हिथं मले आयकू येते.’ मग थोडं चालून झाल्यावर म्हणाली, ‘आवाज तर ह्या समुद्राचाबी हाय. पन तो चहा मांगत नाही.’

खाली कारखान्यात सात माणसं, दिवसातून चार वेळा चहा, आणि वर स्वयंपाकघर. हे सगळं मीच तसं बांधलं. जागेचं भाडं वाचतं, देखरेख राहते, असं मी लोकांना मोठ्या अभिमानानं सांगत आलो. त्या रात्री अपेक्षानं पोहे केले तेव्हा मी मुद्दाम ओट्याजवळ जाऊन उभा राहिलो. मोहरी तडतडते त्याचा आवाज चांगला असतो. आधी एक दाणा, मग थांबतो, मग सगळे. बेअरिंगपेक्षा बरा आहे. अपेक्षा म्हणाली, बाबा, काही पाहिजे का? मी म्हटलं, काही नाही, चालू दे.

तेव्हा माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर, माणसं मोठी शहरं सोडून समुद्राकाठी का येतात, ते असं दिसतं. विपुल म्हणतो हवा, शिवलकर म्हणतात हौस, पियुष म्हणतो शांतता आणि दिवसभर कानात दोन बोंडं घालून बसतो. प्रत्येकजण मागं काहीतरी ठेवून आलेला आहे, आणि विचारलं की पुढ्यातल्या गोष्टीचं नाव सांगतो. मी रोज नवीन एकाला विचारतो. काल ठाण्याच्या बाईंनी मलाच उलटं विचारलं, काका, तुम्ही का आलात? मी म्हटलं, कूलर पोचवायला.

माझं इकडचं बरं चाललं आहे. मासे अजून लांबूनच पाहतो. पाण्यात घोट्यापर्यंत गेलो. चार दिवसांसाठी आलो होतो, आता दिवस मोजायचं सोडलं आहे. सुगतला फोन केला की तो म्हणतो, भाऊ, तुमी आरामात या, हिथं सारं मस्त चालून राह्यलं. हे तो इतक्या आनंदानं म्हणतो, की मला काळजी वाटते. घरातल्या सर्वांना यथायोग्य सांगा. थोरल्यांना नमस्कार, आणि तुमच्या शुगरला माझ्याकडून दमदाटी.

तुमचा साडभाऊ,
महादेव

ता. क. आता खरं काम. अधिक महिना पुढच्या आठवड्यात लागतो. म्हणजे धोंड्याचा महिना, म्हणजे लेकी-जावयांना बोलावून वाण द्यायचं. तुम्ही जुन्या शहरात सासूबाईंकडं गेलात की अगदी सहज, चहा पिता पिता म्हणा, की ह्या खेपेला दोन्ही जोड्यांना एकाच दिवशी अकोल्याला बोलवा, वय झालं, पुढचा अधिक महिना तीन वर्षांनी येतो. डोळ्यांत पाणी आणता आलं तर आणा (थेंबांची बाटली तिथंच असते). आशा माझ्या शब्दाला नाही म्हणते, पियुषला नाही म्हणते, पण आईनं धोंड्याला बोलावलं तर नाही म्हणायची नाही, आणि वाण जोडीनंच घ्यायचं असतं. एकदा अकोल्यापर्यंत आली की अमरावती काय, बडनेऱ्याला उतरलं की घरच. हे मी सांगितलं असं कुणाला, विशेषतः दीपमालाताईंना, कळू देऊ नका. केशवराव, डब्याचं वरण आता मला खाववत नाही. दाराचं कुलूप मीच काढायचं आणि मीच लावायचं, हेही जमत नाही.

दुसरी ता. क. हे पत्र टेबलावर ठेवून मी पाकीट आणायला शिवलकरांकडं गेलो. परत आलो तो आशा चष्मा लावून वाचत बसली होती. इडलीच्या जागी हसली. पुढं हसली नाही. शेवटचं पान दोनदा वाचलं. मग म्हणाली, भाऊजींना कायले तरास देता, मलेच इचाराचं होतं. मी म्हटलं, इचारलं ना वाळूत. ती म्हणाली, ‘तुमी कवा निघाचं ते इचारलं. काहून येत नाही ते कुठी इचारलं?’ आता ठरलं ते असं. ती घरी येते. पोळ्याला येते. पण तोवर खालचं टीन, खालचे ठोके आणि खालचा चहा, तिन्ही गावाबाहेर नांदगाव पेठेला एमआयडीसीत गेलेली पाहिजेत. मी लगेच सुगतला फोन केला, की तिकडं भाड्यानं एखादं शेड मिळतं का बघ. तो म्हणाला, भाऊ, शेड तर वहिनींनी सांगितलं तवाच पाहून ठेवलं. मी विचारलं, कवा सांगितलं? तर म्हणे, होळीच्या आधी. तेव्हा पहिल्या ता. क. मधलं काम करू नका. सासूबाईंना काही बोलू नका.

तिसरी ता. क. धोंड्याचा कार्यक्रम रत्नागिरीला आहे. सासूबाई, दीपमालाताई आणि तुम्ही, अशी तिघांची तिकिटं पियुषनं काढली, आणि ती तुमच्या फोनवर आली, असं तुम्ही स्वतःच कालच्या फोनवर आशाला सांगितलंत म्हणे. सासूबाई समुद्र पाहायचा म्हणून नवीन चपला घेऊन तयार आहेत. ही सगळी बोलणी आठ दिवस माझ्या शेजारच्या खोलीत, दार उघडं ठेवून, नेहमीच्या आवाजात चालली होती.